पातळ पाकीट

जासई, ता. उरण
१२ जानेवारी २०२५, रविवार

वैदेही,

‘प्रिय’ लिहून खोडलं. तुझ्या अटींत ते बसतं की नाही माहीत नाही. अटी पाठ झाल्यात: फोन नाही, मेसेज नाही, हाताने लिहिलेलं पत्र, एका पत्राला एकच उत्तर. एका दिवसात एक्केचाळीस मेसेज पाठवणाऱ्याला एवढं व्हायलाच हवं. तू लिहिलंस, ‘राग आला की तुझा अंगठा डोक्याच्या आधी चालतो, पेन शोधेपर्यंत तरी निवशील.’ पेन सापडलं. निवलो नाही, पण लिहितोय.

फोन तू ब्लॉक केलास त्याच संध्याकाळी मी तो पुलावरून खाडीत टाकला. नवीन घेणार नाही. घरच्या फोनचा नंबर तुला कधी दिला नव्हता, आई उचलेल म्हणून. म्हणजे आता तू कोल्हापूरहून काहीही ओरडलीस तरी मला फक्त पोस्टमनच सांगू शकतो. तुला हेच हवं होतं ना?

कॉलेज सोडून काय करतोस, असं तू विचारलंस. कंटेनर यार्डाच्या गेटवर बसतो, आत-बाहेर जाणाऱ्या कंटेनरचे नंबर टिपतो. सेकंड इयरला लॅबमध्ये सरांनी माझ्या ‘आहे’ऐवजीच्या ‘हाय’ची सगळ्या वर्गाला नक्कल करून दाखवली, मी जर्नल टेबलावर आपटलं, काचेची ब्युरेट फुटली. ‘सॉरी म्हण आणि परीक्षेला बस,’ असं तू तेव्हा म्हणाली होतीस. तुझं बरोबर होतं. हे मी फक्त कागदावर कबूल करतोय, तोंडाने म्हणणार नाही.

आता खरी गोष्ट. आमच्या गावच्या मिथुनची टोळी यार्डात कंटेनर खाली करते, आठ जण. गेल्या महिन्यात दोघांना काम करता करता उलट्या झाल्या, चक्कर आली. सुपरवायझर म्हणाला, वडापाव शिळा असेल. शिळा कसला. बाहेरून येणाऱ्या मालाला कीड लागू नये म्हणून बंद कंटेनरमध्ये विषारी गॅस सोडतात. दारावर कवटीचा कागद चिकटवलेला असतो, सगळा इंग्रजीत. ही माणसं कडी काढतात आणि तडक आत जातात. मला हे माहीत आहे आणि त्यांना नाही, हे मला सहन होत नाही गं.

म्हणून मागच्या रविवारी समाजमंदिरात सभा घेतली. स्वखर्चाने बॅनर: ‘कंटेनरमधील विषारी वायू – एक मार्गदर्शन’. तिघं आले. एक चावीवाला. दुसरी माझी आई, ती पंखा फुकट चालू आहे का बघायला आली होती. तिसरे टोळीतले देवजीकाका, ते दहाव्या मिनिटाला घोरायला लागले. मी माइकवर म्हणालो, मरा मग. माइक चालू होता, अख्ख्या आळीला ऐकू गेलं.

काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन.

तेजस

*

कोल्हापूर
१९ जानेवारी २०२५

तेजस,

‘प्रिय’ चाललं असतं.

‘एक मार्गदर्शन’ वाचून मीसुद्धा आले नसते. आठवडाभर पोती उचलणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी खुर्चीत बसवून तू त्याला वर्गात घातलंस. तू स्वतः वर्गातून उठून गेलेला माणूस, तुला हे कळायला हवं होतं.

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत आईने ओल्या-सुक्या कचऱ्याच्या नोटिसा तीन महिने लिफ्टमध्ये लावल्या. एकानेही वाचल्या नाहीत. मग एक दिवस ती सकाळी कचरा टाकायच्या वेळेला डब्यापाशीच जाऊन उभी राहिली, हातात रिकामी दुधाची पिशवी घेऊन. येणाऱ्याला विचारायची, ‘ही कुठं टाकू हो? माझं रोज चुकतं.’ लोक तिला शिकवायला लागले. पंधरा दिवसांत सगळी सोसायटी शिकली. माझे बाबा अजून चुकतात, पण ते मुद्दाम.

तुझी टोळी कामाआधी कुठे बसते? तिथे जा. बोलावू नकोस, जा. पहिले दोन दिवस काहीही शिकवू नकोस. त्यांना जे आधीपासून येतं तिथून सुरू कर. आणि ‘समजलं का?’ असं विचारू नकोस, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात.

आणखी एक. ‘तू सांगशील ते करीन’ हे वाक्य मला आवडत नाही. माझ्यासाठी करू नकोस.

इथे थंडी आहे, मेसचा तांबडा रस्सा दर बुधवारी गुलाबी असतो. बाकी बरं.

वैदेही

*

जासई
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय वैदेही,

(तू परवानगी दिलीस.)

जमलं. हे एकच वाक्य लिहून पाकीट बंद करावं असं वाटत होतं, पण तुला सगळं सांगायचंय.

यार्डाच्या गेटासमोर भागीरथीकाकीची चहाची टपरी आहे. साडेसातचा भोंगा होईपर्यंत टोळी तिथेच बसते. मी तीन दिवस नुसता चहा प्यायलो. चौथ्या दिवशी काकीच म्हणाली, “तीन दिस चा पितंस नि गप बसतंस. नोकरी गेली कं पोरगी पलाली?”

“पोरगी,” मी म्हणालो.

सगळे हसले. देवजीकाका म्हणाले, “तरी मी बोल्लो, माइकवर आमाला मरा बोलनारा मानूस सुखात नसंल.” पुन्हा हसले. मीही हसलो. मग मी विचारलं, “काका, शिळी कोलंबी कशी ओळखता?”

“कशी म्हंजे? नाकानं.”

“आणि बर्फात घालून ताजी म्हणून दिली तर?”

“अरे, माजी बायको गोजरा उरनच्या बाजारात टोपलीच्या चार हात लांबून सांगते, काल पकडली कं परवा. नि तिला नाक कोनी शिकवला? मी.”

वैदेही, ही खाडीवरची माणसं. भातशेती गेली, मिठागरं गेली, पोर्ट आलं, पण नाक राहिलं. देवजीकाका अजून संध्याकाळी पाग घेऊन खाडीवर जातात, जाळं फेकून घरापुरती मासळी काढतात. वाऱ्याचा वास घेऊन सांगतात, आज मिळणार की नाही. त्यांना जे येतं तिथून सुरू कर, असं तू लिहिलं होतंस. त्यांना वास येतो.

मी म्हणालो, मग कंटेनरचंही तसंच. त्या गॅसला लसणासारखा, सडक्या मासळीसारखा वास असतो. दार उघडलं की आत जायचं नाही. बाजूला अर्धा तास थांबायचं. मग उंबऱ्यावरून नाक लावायचं. वास आला तर परत लांब. नाही आला तर आत.

मिथुन म्हणाला, “अर्धा तास सुपरवायझर देईल काय? त्याचा बाप देईल.” तर देवजीकाकांनीच उपाय काढला: कडी अडकली म्हणून सांगायचं. आता रोज त्या यार्डात कड्या अडकतात. सुपरवायझरने दोनदा ग्रीसचा डबा आणून दिला.

गुरुवारी एका कंटेनरला वास आला. देवजीकाकांनी नाक लावलं आणि सगळ्यांना मागे ढकललं. दुपारपर्यंत दार उघडं ठेवलं, कोणाला काही झालं नाही. तेव्हापासून त्यांचं नाव पडलंय टोळीचं नाक. आता आधी ते पुढे होतात, तीनदा दम भरून वास घेतात, ‘चला’ म्हणतात, मगच बाकीचे हलतात. बाहेरगावच्या टोळ्यासुद्धा त्यांना बोलावून नेतात. काकांची चाल बदलली. गोजराकाकी म्हणते, “घरात पन दार उघडून हुंगतंय, मेला.”

वर्गात मला जे कधी दोन मार्कांना लिहिता आलं नाही ते मी टपरीवर अर्ध्या कपात शिकवलं. एवढा आनंद मला शेवटचा कधी झाला होता ते तुला माहीत आहे, तूही तिथे होतीस.

म्हणून विचारतो. मी थांबू का तुझ्यासाठी? तू एम.एस्सी. होशील, मी गेटवर नंबर टिपत असेन, हे मला दिसतं. तरी विचारतो. हो किंवा नाही, एवढंच लिही.

तुझा
तेजस

*

कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय तेजस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. रूममेटला ‘टोळीचं नाक’ वाचून दाखवलं, ती म्हणाली, हा मुलगा शिकवायलाच जन्मला, याला कॉलेजने का सोडलं? मी म्हटलं, यानेच कॉलेजला सोडलं, ब्युरेटसकट.

तुझ्यामुळे मी या सेमिस्टरच्या सेमिनारला कंटेनरमधल्या गॅसचाच विषय घेतलाय. मॅडमनी विचारलं, हा कुठून सुचला? मी म्हटलं, गावाकडच्या एका मित्राकडून. मित्र म्हणताना जरा अडखळले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात देते. मला आधी घरी बोलायचंय. घाई करू नकोस. मी लांबलचक लिहीत असेन तोवर समज की मी विचार करतेय. वाईट काही लिहायची वेळ आली तर मी थोडक्यात लिहीन, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

देवजीकाकांना माझा नमस्कार सांग. आणि गोजराकाकींना सांग, मला कोलंबी ओळखायला शिकवा.

वैदेही

*

जासई
१६ फेब्रुवारी २०२५

वैदेही,

ऋषी भेटला होता. आपल्या वर्गातला, तुमच्याच सोसायटीतला. त्याने सांगितलं, पुण्याचं स्थळ तुझ्या घरी येऊन गेलं. मुलाचा स्वतःचा फ्लॅट आहे, कांदेपोह्यांचं सुट्टीत ठरलंय. मला तू लिहितेस ‘घरी बोलायचंय’. मस्त बोललीस.

मला लांबलचक पत्रं नकोत. सेमिनारच्या गोष्टी नकोत. ‘नाही’ म्हणायचं असेल तर पत्र पाठवूच नकोस, मी फोडणार नाही.

हे लिहिताना मी निवलेलो नाही. पेन हातातच होतं.

तेजस

*

स्पीड पोस्ट
कोल्हापूर, २० फेब्रुवारी, गुरुवार

तेजस,

घाईत लिहितेय, पोस्ट सहाला बंद होतं. तुझं नवीन पत्र आलेलं नाही, तरी अट मोडून लिहिते.

सेमिनारसाठी वाचताना आज कळलं. गॅस एकच नाही, दोन प्रकारचे वापरतात. लसणासारखा वास येतो तो एक. दुसरा मिथाइल ब्रोमाइड, त्याला वास नसतो. अजिबात नाही. तो हवेपेक्षा जड, कंटेनरच्या आतल्या टोकाला तळाशी साचून राहतो. अर्धा तास पुरत नाही. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी होतो, आणि मेंदूवर, हातापायांवर होतो.

नाक लावणं आजच्या आज बंद करा. देवजीकाकांना आधी सांग. वास नाही म्हणजे गॅस नाही असं नाही. मीटरने तपासून ‘गॅस गेला’ असा कागद मिळाल्याशिवाय कुणीही आत जाऊ नका.

यार्डाचा नंबर शोधून फोन केला. ‘कोण तेजस?’ म्हणून ठेवून दिला. दुसरा रस्ता माझ्याकडे नाही.

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. आधी हे कर.

वैदेही

*

जासई
२ मार्च २०२५

वैदेही,

तुझं पाकीट शनिवारी, २२ तारखेला आलं. पोस्टमनने सही घेतली. हातात धरताच कळलं, आत एकच कागद आहे. वाईट असेल ते थोडक्यात लिहीन, असं तू म्हणाली होतीस.

फोडलं नाही. फेकलंही नाही. शर्टाच्या खिशात ठेवलं. रविवारी घरात तोच शर्ट घालून बसलो. आई म्हणाली, काढ, धुवायला टाकते, मी तिच्यावर ओरडलो. वाटत होतं, न फोडता ठेवलंय तोवर तू नाही म्हटलेलं नाहीस.

सोमवारी टपरीवर देवजीकाकांनी विचारलं, “खिशात काय रे? दोनदा हात लावलास.”

“कॉलेजचं पत्र आहे,” मी म्हणालो. “परत या म्हणतायत.”

“मग जा ना. आमचा काय, आमचा नाक हाय इथं.” आणि माझ्यासाठी स्वतःच्या बशीत चहा ओतला.

मंगळवारी लाकडी फळ्यांचा कंटेनर आला. कवटीचा कागद कोणीतरी अर्धा खरवडून काढलेला. कडी ‘अडकली’, अर्धा तास दार उघडं ठेवलं. देवजीकाका उंबऱ्यावर वाकले, मी शिकवलं होतं तसा तीनदा दम भरून वास घेतला. मी गेटवरून बघत होतो. ते माझ्याकडे बघून हात हलवून म्हणाले, “काय नाय. चला.” बाकीचे ट्रॉली घेऊन आत-बाहेर करत होते. काका आतल्या टोकाला फळ्या उचलून द्यायला थांबले, तास-दीड तास. माझा खिसा त्या वेळी त्यांच्यापासून पन्नास पावलांवर होता.

सुट्टीच्या वेळी ते गेटकडे आले ते झोकांड्या खात. जीभ जड झाली होती. सुपरवायझर म्हणाला, “चढवून आलाय.” गोजराकाकीला निरोप गेला तेव्हा ती धावत आली आणि त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, “माज्या लग्नाला एकतीस वरसा झाली. ह्या मानसानी हलदीत पन थेंब घेतला नाय. तुजी जीभ झडो.” मग काकांना झटके यायला लागले.

पनवेलला नेलं. डॉक्टर विचारत होते, गॅस कुठला? मिथुनला माहीत नाही. सुपरवायझरने फोन बंद केला. मी नुसता कंटेनरचा नंबर सांगत होतो, अकरा अक्षरं-आकडे, पाठ आहेत मला, काय उपयोग त्याचा. बुधवारी सकाळी तिथल्या बाकड्यावर बसून वाटलं, आज सगळंच वाईट एकदम ऐकून घेऊ. पाकीट फोडलं.

ते पत्र घेऊन मी डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी वाचलं, मान हलवली. या गॅसवर उतारा नाही, शरीराला झेपेल तेवढं, असं म्हणाले. मग पाकिटावरचा शिक्का बघून विचारलं, “हे आलं कधी?”

“आज,” मी म्हणालो.

वाचले ते. पाचव्या दिवशी बोलायला लागले. पहिलं काय बोलले सांगू? मला जवळ बोलावून बाजूच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले, “हा पोरगा. ह्यानी दार उघडून थांबायला शिकवला म्हनून मी जिता हाय. नायतर तवाच गेलो असतो.” येईल त्याला तेच सांगतायत. गोजराकाकीने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

त्यांचे हात थरथरतात. पेला धरता येत नाही. डॉक्टर म्हणतात, कमी होईल, किती ते सांगता येत नाही. पागाचं जाळं कधी विणायला मिळेल, हे त्यांनी दोनदा विचारलं.

मी त्यांना काही सांगितलेलं नाही. मागच्या पत्रात मी तुला जे लिहिलं ते विसर, असं म्हणायलाही तोंड नाही.

तेजस

*

कोल्हापूर
८ मार्च २०२५

तेजस,

तुझं सोळा तारखेचं पत्र मला एकवीसला मिळालं. ‘फोडणार नाही’ वाचलं. पण म्हटलं, हा बोलतो तसं करत नाही, फोडेल. मी तेव्हाच एसटीत बसून यायला हवं होतं. मी सेमिनारच्या स्लाइड करत बसले.

आता माझं ऐक. तुझ्या दोन फेब्रुवारीच्या पत्रात ते वाक्य होतं. ‘वास नाही आला तर आत.’ स्वच्छ अक्षरात. मी ते पत्र तीनदा वाचलं असं मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं तुला. मी केमिस्ट्रीची एम.एस्सी. करतेय. एखाद्या गॅसला वास नसू शकतो हे मला अकरावीपासून माहीत आहे. तरी मला ते वाक्य दिसलं नाही, कारण तिन्ही वेळा मी शेवटचा परिच्छेद शोधत खाली जात होते. पाकीट तू फोडलं नाहीस. मी फोडलं आणि वाचलं नाही. मला यात फारसा फरक वाटत नाही.

पुण्याचं स्थळ मी नाकारलंय. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. उत्तर मला माहीत आहे, पण आत्ता लिहिलं तर ते सांत्वनासारखं वाटेल, आणि तुला सांत्वन मिळावं असं मला वाटत नाही. मलाही मिळू नये.

त्यांना सांग. टपरीवर, सगळ्यांसमोर, जिथे शिकवलंस तिथेच. माझं ते पत्र वाचून दाखव, तारखेसकट. तुला मोकळं वाटावं म्हणून नाही. त्यांच्या डोक्यात अजून नाकच आहे, आणि देवजीकाका प्रत्येकाला सांगतायत की तेजसने वाचवलं. म्हणजे उद्या दुसरं कुणी त्यांच्या जागी वाकेल.

आणि फोन घे. ब्लॉक काढलाय.

वैदेही

*

जासई
१६ मार्च २०२५, रविवार

वैदेही,

काल सांगितलं.

शिमगा झाला, देवजीकाका पहिल्यांदा टपरीवर आले. गोजराकाकी धरून घेऊन आली होती. मांडीवर पागाचं जाळं होतं, फाटलेलं. विणायची सुई त्यांनी हातात धरून ठेवली होती, नुसती धरून. भागीरथीकाकीने त्यांना पेल्याऐवजी कान असलेल्या कपात चहा दिला, तोही अर्धा, सांडू नये म्हणून. त्यांनी ते ओळखलं.

मी उभा राहून तुझं पत्र वाचलं. पहिल्या ओळीपासून. ‘वास नसतो. अजिबात नाही’ इथे मिथुनने मान वर केली. ‘देवजीकाकांना आधी सांग’ इथे मला पुढे वाचता येईना, तरी वाचलं. तुझं नावही वाचलं.

काकांनी पाकीट मागितलं. उलटसुलट करून बघितलं. त्यांना वाचता येत नाही, पण शिक्का त्यांना कळतो.

“कवा आली ही?”

“शनिवारी. तुम्ही आत गेलात मंगळवारी.”

“म्हंजे तू सोमवारी खिशात... कालेजचा पत्र बोल्लास, तां ह्या?”

“हो.”

“का नाय फोडलास?”

मी म्हणालो, “मला वाटलं ती नाही म्हणतेय.”

कोणी हसलं नाही. मला वाटलं काका मारतील, मारावं असंही वाटलं. ते पाकीट मला परत द्यायला गेले, बोटं थरथरली, ते खाली पडलं. मीच उचललं. मग ते म्हणाले, “मी तं सगल्यांना तुजा नाव सांगतलाय रे. हास्पिटलात, आलीत, शिमग्याला. सगल्यांना. आता कोना-कोनाला जाऊन काय सांगू?”

गोजराकाकीने त्यांचा हात धरला आणि उठवलं. माझ्याकडे बघितलं नाही. जाताना जाळं मात्र टपरीवर राहिलं, ते मी दुपारी त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. दार बंद होतं.

मग मिथुनने विचारलं, “बरा. वास नाय तर कलायचा कसा?”

“मीटरने.”

“मीटर कुठं हाय?”

“यार्डात नाही. मी विचारलं.”

“नि तो कागद?”

“मागायचा. नसेल तर आत जायचं नाही.”

“मी मागतला ना देवजीकाकाच्या दुसऱ्या दिवशी, डाक्टर गॅस कुठला विचारत होता म्हनून. सुपरवायझर बोल्ला, गेटाबाहेर दुसरी टोली हाय, त्यांना कागद नको.” त्याने कप ठेवला. “तू बरोबर सांगतंस, तेजस. मागल्या येलेला पन आमाला बरोबरच वाटला होता.”

साडेसातचा भोंगा झाला. सगळ्यांना सगळं माहीत होतं: दोन गॅस, एकाला वास नाही, जड असतो, आतल्या टोकाला तळाशी बसतो. तू मॅडमसमोर सांगितलं असतंस त्यापेक्षा सोप्या शब्दांत मी सांगितलं होतं आणि प्रत्येकाला कळलं होतं. ते उठले, डोक्याला टॉवेल बांधले आणि सात जण गेटातून आत गेले. आधी माहीत नव्हतं म्हणून जात होते. आता माहीत असून जातात. मी गेटवर कंटेनरचे नंबर टिपले.

कडी एक तास अडकली. मिथुनने तेवढं केलं. एक तास पुरत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

सुपरवायझरकडे, वरच्या ऑफिसात, तालुक्याला, तिन्हीकडे अर्ज दिलेत, हाताने लिहून. पोच घेतली आहे. तुझ्या पद्धतीने, न ओरडता. अजून कुणाचं उत्तर नाही. ओरडलो असतो तरी नसतं आलं, असं आता वाटतं.

भागीरथीकाकीने काल संध्याकाळी मला चहा दिला. दिला म्हणजे समोर ठेवला, ‘पी’ म्हणाली नाही. मग कप विसळता विसळता म्हणाली, “येत्या नाय, त्याच्या फुडल्या सोमवारी बाहेरगावची नवी टोली येनार हाय. त्यांना आपली भाषा पन येत नाय. त्यांना कोन सांगंल?” मी म्हणालो, मी नको, मला आता कोण विचारणार. ती म्हणाली, “तुना कोनी विचारला? मी त्यांचा विचारतंय.” हिंदीत कसं सांगायचं ते मी रात्रीपासून मनात जुळवतोय. या वेळी आधी लिहून तुला पाठवतोय, वेगळ्या कागदावर. लाल पेनाने बघ. शेवटचा परिच्छेद नाही त्यात, शोधू नकोस.

फोन घेतला, साधा, बटणांचा. नंबर खाली आहे. तो काकीच्या टपरीच्या पत्र्यावरही खडूने लिहिलाय, म्हणजे तो काही फक्त तुझ्यासाठी नाही. कुणाला काही विचारायचं असेल, कुणाला मला शिव्या द्यायच्या असतील, तर आहे. अजून एकदाही वाजला नाही.

उत्तर माहीत आहे असं तू लिहिलंस. पाठवायचं तेव्हा पाठव. जाड असो नाहीतर पातळ, पोस्टमनसमोर उभ्या उभ्या फोडीन.

तेजस